न पिणाऱ्याची कावीळ

"किती वर्षांपासून पितात?"

डॉक्टरांनी फाइलमधून डोकं वर न काढता विचारलं. मला वाटलं, पाण्याविषयी विचारताहेत. आजार काविळीचा, तेव्हा पाण्याचंच विचारणार. मी सांगून टाकलं, "लग्न होऊन आले तेव्हापासून तेच पाणी आहे जी. विहिरीचं."

बाजूला उभी असलेली नर्स तोंडावर हात ठेवून हसली. डॉक्टर हसले नाहीत.

"पाणी नाही हो बाई. दारू. दारू किती वर्षांपासून पितात?"

अमरावतीतला तो एक खासगी दवाखाना होता. खाटेवर माझा नवरा पडलेला. पाच दिवसांचा ताप, त्यातले तीन दिवस तालुक्याच्या गावी गोळ्या आणि सलाइन यांत गेलेले. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले, पाचव्या दिवशी लघवी जवळजवळ बंद, म्हणून घाईघाईनं इथं आणलेलं. पायांच्या पोटऱ्या इतक्या दुखत होत्या, की चादर सरकली तरी ते ओरडत. हे मी डॉक्टरांना सांगितलं होतं. "शेतकरी माणूस आहे, पाय दुखणारच," असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

माझा नवरा दारू पीत नाही. गावातल्या सामुदायिक प्रार्थनेत रोज संध्याकाळी खंजिरी वाजवणारा, वर्षातून एकदा मोझरीच्या आश्रमात जाऊन येणारा माणूस. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणी पिऊन येऊन बसला, तर हे आपलं ताट उचलून दुसऱ्या रांगेत जात. मी डॉक्टरांना हे सगळं सांगितलं, तेही एका दमात.

"सगळ्या बायका हेच सांगतात," ते म्हणाले. "घरी पीत नसतील. बाहेर काय करतात, ते तुम्हाला थोडंच माहीत? डोळे बघा त्यांचे, किती लाल आहेत."

डोळे लाल होते, हे खरं होतं. पिवळ्यात लाल, रक्त उतरल्यासारखे. त्या लाल डोळ्यांचा दुसराही काही अर्थ असू शकतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नसण्यात नवल नाही. पण त्यांना ठाऊक असायला हवं होतं, आणि त्या एका गोष्टीचा राग माझ्या मनातून आजही जात नाही.

फाइलवर त्यांनी इंग्रजीत काहीतरी लिहिलं. बारावीपर्यंतचं माझं इंग्रजी त्या अक्षरापुढे टिकलं नसतं, पण तो एक शब्द मला वाचता आला. दारुडा, असा त्याचा अर्थ होता.

आमचं तीन एकर रान आहे, मोर्शीकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. काळी जमीन. मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी, आणि दसरा-दिवाळीसाठी झेंडू. एक म्हैस, एक बैलजोडी. आमच्या रानाला लागून आणखी तिघांची रानं आहेत आणि चौघांच्या मागून गावचा नाला वाहतो. वाहायचा, असं म्हणायला हवं. गावात येणारा रस्ता नवा झाला तेव्हा तो दोन हात उंच केला. जुन्या रस्त्याखाली नाल्याचं पाणी जायला रुंद दगडी मोरी होती. तिच्या जागी सिमेंटचे दोन पाइप टाकले आणि पहिल्याच पावसाळ्यात ते गाळानं बुजले. मग गावच्या गटाराचं, गोठ्यांचं, उकिरड्यांचं सगळं पाणी रस्त्याला अडून आमच्या चौघांच्या रानात तुंबायला लागलं.

अर्ज दिले. पंचायतीनं सांगितलं, रस्ता आमचा नाही. ज्यांचा रस्ता होता त्यांनी सांगितलं, नाला आमचा नाही. रस्ता कोणाचा आणि नाला कोणाचा हे ठरेपर्यंत पाणी मात्र आमचंच होतं. त्यात गावच्या म्हशी दुपारभर बसून राहत. मेलेलं कुत्रंही एकदा त्यात फुगून वर आलं. घुशींची बिळं बुडाली, तशा त्या बांधावर आणि तिथून आमच्या मोटारपंपाच्या खोलीत राहायला आल्या.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी चार दिवस पावसाची झड लागली. पाणी मेथीच्या वाफ्यात शिरलं. ह्यांनी आणि शेजारच्या रानवाल्यानं मिळून कुदळी घेतल्या आणि पाण्याला वाट करून द्यायला निघाले. दोन दिवस दोघं मांडीइतक्या पाण्यात उभे राहून चर खोदत होते. पहिल्याच दिवशी ह्यांच्या अंगठ्याजवळ कुदळ लागली. त्यांनी धोतराची चिंधी बांधली आणि परत पाण्यात उतरले. मी बांधावरून म्हटलं होतं, "अवो, पायाले लागलं आहे, आज राहू द्या." ते म्हणाले, "मेथी सडून राहिली अन् मी पाय सांभाळत बसू का?"

मेथी वाचली. पोळा झाला. त्यानंतर आठ दिवसांनी ताप आला.

दवाखान्यातल्या त्या प्रश्नाच्या दुसऱ्या दिवशी मी कपडे आणायला गावी आले. ह्यांच्याजवळ माझा पुतण्या बसला होता. एसटीतून उतरले तोच दोन माणसांनी मला थांबवलं. "काय म्हणते डॉक्टर? लिवर गेलं म्हणते ना?" एकानं हळूच विचारलं, "वयनी, खरं सांगा, पेत होते का?" म्हणजे माझ्या आधी तो शब्द गावात पोचला होता. कोणी भेटायला आला असेल, त्यानं फाइल पाहिली असेल, नर्सचं बोलणं ऐकलं असेल. रोगाचं नाव गावाला कळायला पुढे दहा दिवस लागले. ह्या नावाला एक रात्रही लागली नाही.

आता जे लिहिते आहे, ते मी ह्यांनाही बऱ्याच दिवसांनी सांगितलं. कपडे भरून झाल्यावर मी रानात गेले आणि मोटारपंपाची खोली उघडली. कशाला उघडली, हे मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते. खताची पोती बाजूला सारली. फवारणीच्या पंपामागे पाहिलं. वळचणीत हात घालून पाहिला. बाटली शोधत होते मी. वीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्या माणसाची बाटली.

बाटली नव्हती. पोती कुरतडलेली होती, जमिनीवर काळ्या लेंड्यांचा सडा होता, आणि कोपऱ्यात चिंध्या-काड्यांचं घुशीचं घरटं होतं. खोलीत असा उग्र वास होता की डोळ्यांतून पाणी आलं. मग खरंच रडू आलं. दारात बसून रडले. एका परक्या माणसानं फाइलवर एक शब्द लिहिला आणि मी माझ्या नवऱ्यावर पाळत ठेवायला आले होते.

सासूबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही.

"काय पाहून राहिली वं?"

"काही नाही."

त्या माझ्याशेजारी दारात टेकल्या. मग म्हणाल्या, "म्याबी पायलं काल. काई नाई तिथं."

आम्ही दोघी तशाच बसलो. त्यांचं वय पंच्याहत्तर. स्वतःच्या पोटच्या मुलाची चोरी शोधायला ती बाई चिखल तुडवत इतक्या लांब आली होती. डॉक्टरांना याचा पत्ता नाही. त्यांनी तो शब्द लिहिला आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

संध्याकाळी मी अमरावतीला परतले, तर ह्यांना दम लागत होता. किडन्या काम करत नाहीत, रक्त शुद्ध करायच्या मशीनवर घ्यावं लागेल, इथं आज जागा नाही, असं सांगितलं. माझं माहेर अकोल्याजवळचं. भावाला फोन केला. तो म्हणाला, "इकडं घेऊन ये, मी सोय करतो." त्याच रात्री आम्ही ह्यांना गाडीत घालून अकोल्याला नेलं.

तिथल्या दवाखान्यात ह्यांना तपासायला आली ती एक तरुण डॉक्टरीण. सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. चेहऱ्यावर थकवा, ओढणीवर चहाचा डाग. तिनं फाइल घेतली, वाचली आणि मिटून बाजूला ठेवली. मग ह्यांच्या पायांकडे गेली. पोटरीवर हलकेच बोट दाबलं, तसे ते विव्हळले. अंगठ्याजवळची जखम तिनं निरखून पाहिली.

"हे कधीचं?"

मी सांगितलं. चर, पाणी, कुदळ.

"किती दिवस पाण्यात होते? जनावरं बसतात का त्या पाण्यात? घरी जनावरं आहेत? शेतात उंदीर, घुशी?"

त्याच दिवशी मी ती खोली पाहून आले होते. मी सगळं सांगितलं, पोती, लेंड्या, घरटं, वाससुद्धा. ती ऐकत होती. सहा दिवसांत तीन डॉक्टर झाले होते, तालुक्याचे दोन आणि अमरावतीचे एक. माझं बोलणं मधे न तोडणारी ही पहिली.

मीच न राहवून म्हटलं, "मॅडम, ते दारू पीत नाहीत हो."

"मी विचारलं का?" ती म्हणाली. रागानं नाही, साधं. "पीत असते तरी मी हेच प्रश्न विचारले असते."

मग तिनं मला समजेल असं सांगितलं. लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, घुशी, गुरं, कुत्री, डुकरं यांच्या लघवीतून एक जंतू पाण्यात उतरतो. साचलेल्या पाण्यात, चिखलात तो तग धरून राहतो. कापलेल्या, भेगाळलेल्या कातडीतून माणसात शिरतो. ताप, लाल डोळे, पोटऱ्यांचं असह्य दुखणं, आणि वेळ गेली तर कावीळ आणि किडनी. "वेळेत लक्षात आलं तर साध्या औषधानं बरा होतो," ती म्हणाली. "रिपोर्ट यायला दोन दिवस लागतील. मी थांबत नाही. इंजेक्शन आत्ताच सुरू करते."

साध्या औषधानं. हे दोन शब्द मी तिथल्या बाकावर बसून किती वेळा मनात घोळवले असतील! लाल डोळे पहिल्या दिवसापासून होते. पोटऱ्या पहिल्या दिवसापासून दुखत होत्या. पायाची जखम कोणालाही दिसेल अशी उघडी होती. नुसतं विचारायचं होतं, की बाबा, मागच्या पंधरा दिवसांत तू काय करत होतास? तीन डॉक्टरांपैकी एकानंही शेतकऱ्याला शेतीबद्दल एक प्रश्न विचारला नाही.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. तोच रोग होता. ह्यांना तोवर दोनदा मशीनवर घेऊन झालं होतं आणि लघवी थोडी सुरू झाली होती. मी हात जोडले, देवाला की त्या पोरीला, आठवत नाही.

त्याच दुपारी शेजारच्या रानवाल्याच्या बायकोचा फोन आला. ह्यांची तब्येत विचारायला. मी सांगितलं. मग ती म्हणाली, "वयनी, आमच्या घरीबी तसंच हाये. तीन दिवसापासून ताप हाये त्यायले. पाय टेकवत नाई जमिनीवर."

मी विचारलं, "डोळे कसे आहेत?"

"लाल. भाऊच्या डोयासारखेच."

"कोणाला दाखवलं?"

"इथंच, तालुक्याले. सलाइन लावली. डॉक्टर म्हणते, दारूनं झालं."

तिचा नवरा प्यायचा. हे मी लपवत नाही. बाजाराच्या दिवशी प्यायचा, कधी मधेही. पिऊन कोणाच्या अध्यातमध्यात नसायचा, झाडाखाली झोपून राहायचा. पण दोन दिवस ह्यांच्या खांद्याला खांदा लावून त्याच पाण्यात चर खोदणाराही तोच होता.

मी म्हटलं, "तुमच्या पोरीला फोन द्या." मुलगी बारावीला होती. मी एकेक अक्षर करून तिला रोगाचं नाव लिहून घ्यायला लावलं. "हे डॉक्टरला दाखव. सांग, शेजारच्या शेतातल्या माणसाला हाच रोग निघाला आहे, हे दोघं एकाच पाण्यात होते. सांग, लगेच इंजेक्शन पाहिजे." मुलीनं परत वाचून दाखवलं. बरोबर लिहिलं होतं.

मायलेकी वही घेऊन डॉक्टरकडे गेल्या. पुढचं मला मुलीनंच नंतर सांगितलं. डॉक्टरांनी वहीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता पेशंटनं आम्हाला रोग शिकवायचा का? मोबाइलवर बघून येता आणि डोकं खाता. हा मुंबई-कोकणाकडचा रोग आहे, पूर आला म्हणजे होतो. आपल्याकडे नसतो. तुझा बाप पितो की नाही, ते सांग आधी."

मुलीनं वही मिटली. काय बोलणार होती ती? बाप पीत होता.

दोन दिवसांनी त्याला रक्ताची उलटी झाली, तेव्हा त्या डॉक्टरांनी अमरावतीला न्या म्हणून चिठ्ठी लिहून दिली. अमरावती यायच्या आधी गाडीतच तो गेला. सोबत बायको होती. त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

मी अकोल्यात होते. मातीला जाता आलं नाही. पण तिथं लोक काय बोलत होते, ते माझ्यापर्यंत आलं. "पेऊन पेऊन गेला." बायको चार हातांवर बसलेली असताना बोलत होते.

ह्यांना घरी आणलं तेव्हा वजन इतकं उतरलं होतं, की सासूबाईंनी त्यांना दारातून आत येताना हाताला धरलं, लहान मुलाला धरावं तसं. मशीनवर एकूण चार वेळा घेतलं होतं. किडन्या पुन्हा चालू होतील असं डॉक्टरीण म्हणाली होती, तशा झाल्या. गावात बातमी अशी, की दारू नव्हती बापा, उंदराचा रोग होता. जे लोक मला एसटीच्या थांब्यावर विचारत होते, तेच आता भेटायला येऊन म्हणत, "आमाले माईतच होतं, हा माणूस पेऊ शकत नाई." मी त्यांना चहा दिला. आतून मात्र जळत होते.

तिसऱ्या दिवशी शेजारीण आली. दारातच बसली. तिच्याकडे बघवत नव्हतं.

"वयनी," ती म्हणाली, "मा नवरा दारूनं मेला नाई नं?"

"नाही."

"तुमाले पक्कं माईत हाये?"

"रक्त तपासलं नाही, म्हणून कागदावर नाही. पण मला माहीत आहे."

"मंग सांगा नं लोकायले. तुमच्या घरच्यायचं नाव साफ झालं. त्याचं काहून नाई करत?"

ती भांडत नव्हती. खरंच विचारत होती. तेव्हा कुठे मला उमगलं, की अमरावतीपासून अकोल्यापर्यंत मी जे एकच पालुपद लावलं होतं, ते पीत नाहीत हो, ते पीत नाहीत, त्याचा अर्थ काय होत होता. जणू पीत असते तर चाललं असतं. जणू पिणाऱ्या माणसाला तपासायचं नाही, विचारायचं नाही, त्याच्या पायाची जखम बघायची नाही, हे मलाही मान्यच होतं. फक्त माझा नवरा त्या रांगेत नको होता. घुशीच्या मुताला कळतं का, कोण खंजिरी वाजवतो आणि कोण बाजाराच्या दिवशी दोन घोट घेतो? पाण्यानं दोघांत फरक केला नाही. फरक आम्ही माणसांनी केला. ह्यांना त्या तरुण पोरीनं वाचवलं. त्याला आपण सगळ्यांनी मिळून वाऱ्यावर सोडलं, आणि वर त्याच्याच नावावर बोल लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात गेलो. मी ह्यांचा रिपोर्ट नेला होता. साहेबांनी तो पाहिला, त्याची झेरॉक्स काढून घेतली.

"ठीक आहे. तुमचे मिस्टर बरे आहेत ना आता?"

"बरे आहेत. पण हिचा नवरा त्याच रोगानं गेला. त्याची नोंद करा. गावात सांगा. अजून कोणाला ताप आला तर कळायला पाहिजे."

"मृताची तपासणी झाली होती का?"

"नाही. कोणी केलीच नाही."

"मग नोंद कशी करणार? पुरावा लागतो बाई. आपल्या भागात या रोगाच्या केसेस आमच्या रेकॉर्डला नाहीत."

"साहेब, तपासणारच नसाल तर रेकॉर्डला येतील कुठून?"

ते जरा चिडले. "आवाज खाली ठेवा. हे सरकारी ऑफिस आहे."

माझा आवाज खाली जायला तयार नव्हता. शेजारणीनं माझा पदर ओढला. मग ती स्वतः बोलली, तिच्या त्या बारीक आवाजात. "साहेब, मा नवरा तर गेला. त्याची नोंद नका करू. पण आमच्या रानात दहा बाया निंदाले जाते. त्या पाण्यातूनच जाते. त्यायचं काय करता, थे सांगा."

साहेब म्हणाले, टीम पाठवतो.

टीम आली, आठवडाभरानं. विहिरीत पावडर टाकली, पंचायतीसमोर फोटो काढला आणि घरोघरी एक पत्रक वाटलं. साचलेल्या पाण्यात जाऊ नये. गमबूट वापरावेत. परिसर स्वच्छ ठेवावा. मी ते पत्रक घेऊन रस्त्यावर गेले आणि त्यांच्यातल्या एकाला ते बुजलेले पाइप दाखवले. म्हटलं, "भाऊ, आम्ही पाण्यात गेलो नाही. पाणी आमच्याकडे आलं. हा कागद पाण्याला वाचून दाखवा." तो बिचारा पगारी माणूस. "ताई, ते आमच्या खात्यात येत नाही," म्हणाला. त्यालाही मी खूप बोलले. नको होतं बोलायला. पण ज्यांच्या खात्यात येतं ते कधी समोर येत नाहीत, आणि समोर येतो त्याच्या खात्यात काही नसतं.

ग्रामसभा झाली तेव्हा हे काठी टेकत गेले. ह्यांना सभेत बोलायची सवय नाही. उठले, खांबाला धरून उभे राहिले. "माह्याबद्दल लोक काय बोलले, ते मले माईत आहे," ते म्हणाले. "थे जाऊ द्या. पण मा संगती जो माणूस चर खोदत होता, थो दारूनं मेला नाई. थो ह्या गावच्या पाण्यानं मेला. पुन्हा कोणी दारूचं नाव काढलं तं मी त्याच्या दारात येऊन बसन." एवढंच बोलले आणि खाली बसले, कारण पाय थरथरत होते. सरपंचांनी ठराव घेतो म्हणून सांगितलं.

ठराव तीन महिने कागदावरच राहिला. मग एका सकाळी आम्ही चार रानांतल्या बायका, निंदण-खुरपण करणाऱ्या बायांना घेऊन, भाजीच्या टोपल्यांसकट त्या उंच रस्त्यावर जाऊन बसलो. परतवाड्याकडून येऊन आमच्या रस्त्याला वळणाऱ्या गाड्याही थांबल्या. शेजारीण सगळ्यांत पुढे होती, पांढऱ्या कपाळानं. दुपारपर्यंत तीन वेगवेगळ्या खात्यांची तीन माणसं आली आणि पहिल्यांदाच एकमेकांशी बोलली. आठ दिवसांत मशीन आलं, पाइप मोकळे केले, एक तिसरा टाकला. मोरी करतो म्हणाले होते, ती केली नाही. आता पूर्वीपेक्षा निम्मं पाणी तुंबतं. निम्मं अजून तुंबतंच.

आम्ही आमच्यापुरतं जे करता येईल ते केलं. पंपाची खोली फरशी घालून पक्की केली, उंदरांची बिळं बुजवली. शेजारणीची मुलगी नर्सिंग शिकते आहे. तिनंच निंदणाऱ्या बायांना पायावरची जखम कशी झाकायची ते शिकवलं. गमबुटात चिखलातून चालणं सोपं नाही. बाया हसतात, एकमेकींना पोलीस म्हणतात, पण घालतात.

मला आणखी एक काम लागलं आहे, ते कोणी दिलेलं नाही. श्रावण-भादव्यात आमच्या गावात, बाजूच्या वस्तीत कोणाला चार दिवस ताप राहिला, की मी त्याच्याबरोबर दवाखान्यात जाते. यंदाही गेले. संत्र्याच्या बागेत काम करणारी एक बाई होती, परक्या गावची. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी तिची जीभ पाहिली आणि गोळ्या लिहायला घेतल्या.

मी म्हटलं, "डॉक्टर, तिच्या पोटऱ्या दुखतात. बागेत पाणी साचलेलं आहे. पायाला भेगा आहेत. रक्ताची तपासणी लिहून द्या."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण? नातेवाईक?"

"नाही."

"मग?"

"मी तिच्याबरोबर आले आहे."

त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पडू देत. मी खुर्चीवरून उठले नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी कागद पुढे ओढला आणि तपासणी लिहून दिली.